पाटावरची टोपी

"दगड काढ, कुंदे. आणि पदर सांभाळ," अप्पा आतून म्हणाले.

अंगावर आईचं ठेवणीतलं इरकल, केसांत अबोलीचा गजरा, आणि मी रस्त्यावर वाकून मागच्या चाकाखालचा दगड ओढत होते. नवऱ्यामुलाच्या घरी निघालेल्या मुलीचं हे रूप. दगड निघाला तशी डॉक्टरीण हलली, आमच्या दारातल्या उतारावरून गडगडत निघाली आणि पिंपळाच्या वळणापाशी अप्पांनी नेहमीसारखं "हं" म्हणून क्लच सोडला. गाडीनं एक आचका दिला, काळा धूर सोडला आणि सुरू झाली. मी आणि आई पळत जाऊन बसलो.

डॉक्टरीण म्हणजे आमची गाडी. अप्पांचं पाटणला शिवणकामाचं दुकान होतं. शाळांचे गणवेश आणि डॉक्टर लोकांचे कोट, यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गावातले जुने डॉक्टर मुलाकडं पुण्याला कायमचे निघाले तेव्हा आपली थकलेली गाडी त्यांनी अप्पांना दिली, जवळजवळ फुकटच. शिंप्याच्या दारात गाडी आली म्हटल्यावर आळीला महिनाभर विषय झाला. "काय हेंद्रे, आता कात्रीला पण ड्रायव्हर ठेवणार का?" लोक विचारायचे, आणि अप्पा नुसते हसायचे. सीटांना त्यांनी स्वतः निळी कव्हरं शिवली, कडेनं पांढरा गोट लावून. गाडीचं नावही त्यांनीच ठेवलं. सकाळी चहा घेताना विचारायचे, "डॉक्टरीणबाईंचा मूड काय म्हणतोय?"

पण गाडी घेणं वेगळं आणि पोसणं वेगळं. आधी सेल्फ गेला, म्हणजे किल्ली फिरवली तरी बाई हूं की चूं करेना. उतारावर लावायची, नाहीतर ढकलायची. मग ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन बंद पडायला लागलं. मग तळाचा पत्रा गंजून भोक पडलं, त्यावर आम्ही पोतं अंथरलं. सायलेन्सर फुटला तेव्हा अप्पांनी त्याला तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला आणि तारेनं आवळून टाकला. मेकॅनिक दर वेळी म्हणायचा, "मामा, एकदा चार दिवस सोडा माझ्याकडं." अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं, "कुंदाचं उरकलं की."

आमच्या घरात तेव्हा सगळंच कुंदाचं उरकलं की होणार होतं. आईचा चष्मा, मोरीची फरशी, डॉक्टरणीचा सायलेन्सर. मी सत्तावीस वर्षांची होते, आणि घरातली प्रत्येक मोडकी वस्तू माझ्याकडं बघत बसलेली असायची.

गाडीत बसायचा नियम एकच, काचा खाली. काचा वर केल्या की आत धूर कोंडायचा आणि डोकं धरायचं, मळमळायचं. म्हणून थंडी असो, धूळ असो, आम्ही वारा खातच प्रवास करायचो. सपाटीवर बंद पडली तर आई आणि मी मागं. ढकलत राहायचं, आणि अप्पा "हं" म्हणाले की शेवटचा जोर लावायचा. त्याच घटकेला ते क्लच सोडायचे. ते "हं" बरोबर साधलं की गाडी सुरू, चुकलं की मुसळ केरात. अप्पांचं कधी चुकायचं नाही. त्यांना तिचा श्वास कळायचा, असं आई चेष्टेनं म्हणायची.

या ढकलण्यापायी माझं एक स्थळ गेलं होतं. कोरेगावच्या पाहुण्यांना एसटी स्टँडवर सोडायला अप्पा गाडी घेऊन गेले, स्टँडवर ती बंद पडली, आणि आई न् मी, दोघी मागून ढकलायला लागलो. मुलाचा काका एसटीच्या खिडकीतून बघत होता. बघत होता ते होता, वर मोठ्यानं म्हणाला, "यांना गाडी पण ढकलायची असती आन् पोरगी पण." सगळी एसटी हसली. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. मी समजूत काढायला गेले तर म्हणाले, "तुला बोलला त्याचं वाईट नाही वाटलं गं. त्याचं बरोबर होतं, याचं वाईट वाटलं." बापानं मुलीला असं सांगावं, आणि मुलीनं ते ऐकून घ्यावं.

म्हणून या वेळी, पोरे आडनावाच्या या स्थळाकडं निघण्याआधीच अप्पांनी बजावलं होतं. "हे बघा. काही झालं तरी पोरे मंडळींच्या समोर गाडी बंद पडता कामा नये. पडली तर ढकलायला उतरायचं नाही. दोघींपैकी कुणीच नाही."

"मग काय तिथंच संसार मांडायचा?" आई म्हणाली.

"मी बघतो ना."

मुळात मुलीनं मुलाच्या घरी दाखवायला जायचं, ही उलटी गंगाच. पण पोऱ्यांची म्हातारी अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली होती, आणि नातसून तिनं बघितल्याशिवाय त्या घरात सुपारी फुटणार नव्हती. मुलगा, प्रभाकर, आधी येऊन मला बघून गेला होता. शाळेत मास्तर, बोलायला कमी, आणि जाताना माझ्या आईला वाकून नमस्कार केलेला. मला तो आवडला होता. सरळ सांगते, फार आवडला होता. त्याच्या आधीच्यांनी मला बघितलं होतं, यानं विचारलं होतं, "तुम्हाला काही विचारायचंय का?"

पोऱ्यांचं गाव कराडच्या पुढं, कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात. आमच्या पाटणात दोन पावलं टाकली की चढ नाहीतर उतार. तिथं मात्र मुंगीला घसरायला उतार नाही. जसजसं रान सपाट व्हायला लागलं तसतसे अप्पा गप्प होत गेले. वैशाख होता, घामानं सगळ्यांची पाठ भिजली होती आणि पश्चिमेला ढग काळवंडत होते.

"गावाच्या अलीकडं कालव्याचा भराव आहे," अप्पा शेवटी म्हणाले. "मी चौकशी करून ठेवलीय. भरावावर लावू, आणि तिथनं चालत जाऊ. निघताना उतार आहेच."

"चालत का आलात म्हणून विचारलं तर?"

"गाव बघत आलो म्हणायचं."

बरं म्हटलं. पण भरावावर प्रभाकर आमची वाट बघत उभा होता, एम-एटी स्कूटरवर, डोक्याला रुमाल बांधून. रस्ता चुकू नये म्हणून नानांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, त्याला मुद्दाम पाठवलं होतं. अप्पांनी वेग कमी केला, आणि तो हसून हात करत म्हणाला, "माझ्यामागं या." आता काय सांगणार? अप्पांनी एकदा आईकडं बघितलं आणि त्याच्यामागं गाडी घातली.

घर ऐसपैस होतं. अंगणात, पोर्चमध्ये, नानांची पांढरी गाडी उभी होती, धुऊन पुसून लख्ख, पुढं झेंडूची माळ घातलेली. आईनं ती बघितली आणि पदर आणखी घट्ट ओढून घेतला. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं. या माणसांच्या दारात आपण पोतं अंथरलेली गाडी घेऊन आलोय.

अप्पांनी गाडी वळवून गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून उभी केली, तोंड फाटकाकडं, म्हणजे निघताना मागंपुढं करायला नको. नाना जवळ आले. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, आवाज मऊ.

"या, या, हेंद्रे. बंद करा की गाडी."

"तुम्ही व्हा पुढं या दोघींना घेऊन," अप्पा म्हणाले. "हिचं इंजिन तापतं. एकदम बंद केलं तर तडकायची भीती. जरा चालू ठेवून निववावं लागतं. मी आलोच."

नानांनी क्षणभर बॉनेटकडं बघितलं, मग अप्पांकडं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "जुन्या इंजिनाचं असंच असतं. सावकाश या."

आम्ही आत गेलो. म्हातारी खिडकीखाली खाटेवर होती, उजवं अंग लुळं, पण डोळे सुईच्या टोकासारखे. तिनं मला जवळ बसवलं, डाव्या हातानं माझ्या पोलक्याची बाही धरली, उलटी केली आणि आतली शिवण बघायला लागली. शिंप्याच्याच घरातली ती. तोंड बघायच्या आधी शिवण बघितली.

"हे कुणी शिवलं गं?"

"अप्पांनी."

"हातशिलाई आहे."

"हो. म्हणतात, मशीनची टोचते."

म्हातारीनं बाही सोडली नाही. "बोलाव त्याला," ती म्हणाली. "पोरीच्या पोलक्याला आतनं अशी शिवण घालणारा बाप मला बघायचाय."

आपलं जमलं, हे मला त्या वाक्याला कळलं. आईलाही कळलं, कारण तिनं डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात वारं सुटलं. अंगणातला पाचोळा उडाला, दारं आपटली, आणि वळीव कोसळला. पोर्चच्या पत्र्यावर असा काही वाजायला लागला की बोललेलं ऐकू येईना. पण त्या सगळ्याच्या खाली डॉक्टरणीची घरघर येत होती. ती येत होती तोवर मला धीर होता. म्हणजे अप्पांचा पाय पेडलवर आहे, म्हणजे निघताना आपली शोभा होणार नाही.

नाना छत्री घेऊन बोलवायला गेले आणि एकटेच परत आले. "काच चार बोटं खाली करून बोलले," ते म्हणाले. "म्हणाले पाऊस उघडला की येतो, तुमचं चालू द्या."

काच. मी ते ऐकलं आणि तरी ऐकलं नाही. पाऊस तिरपा येत होता, अप्पांनी नवा सदरा घातला होता, काच वर करणारच की माणूस. आईनं पोह्यांची बशी हातात घेतली. सगळे बोलत होते. पोरेकाकू, म्हणजे प्रभाकरची आई, मला सांगत होत्या की विहिरीला बारा महिने पाणी आहे. प्रभाकर समोर बसून चोरून माझ्याकडं बघत होता आणि मी बघितलं की खिडकीकडं बघत होता. आयुष्यात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

म्हातारीनं खाटेवरून फर्मान सोडलं, "सुपारी आणा. पाऊस शुभ असतो."

पाट मांडले. एका पाटावर नाना बसले, समोरचा मोकळा. मुलीच्या बापाशिवाय सुपारी कशी फोडणार? या खेपेला प्रभाकर गेला. आला तेव्हा नखशिखान्त भिजला होता आणि त्याच्या हातात, रुमालाखाली झाकून, अप्पांची टोपी होती. त्यांनी स्वतः शिवलेली पांढरी टोपी, एका बाजूला बारीक दुहेरी टाका.

"त्यांचं डोकं दुखतंय म्हणाले जरा," प्रभाकर म्हणाला. "बोलताना अडखळत होते. या म्हटलं आत, पडा जरा, तर म्हणाले, मी उठलो तर... आणि हसले. म्हणाले, माझा होकार आहे, ही पाटावर ठेवा माझ्या जागी, आणि फोडा."

"बापरे, डोकं दुखतंय तर चहा तरी पाठवते," पोरेकाकू उठायला लागल्या.

"नको, नको," आई घाईनं म्हणाली. "त्यांना सवय आहे. प्रवासात होतं तसं. आधी हे होऊ द्या." आणि माझ्याकडं न बघता तिनं टोपी पाटावर ठेवली, सरळ केली, वरून बोट फिरवलं.

टोपीला कुंकू लावलं. नानांनी सुपारी फोडली. पोरेकाकूंनी माझी ओटी भरली. आईनं विहीणबाईंना मिठी मारली आणि दोघी रडल्या. आणि त्या रडण्यात, ओटीतल्या तांदळांकडं मी बघत असताना, बाहेरची घरघर दोनदा ठेचकाळली आणि थांबली.

मी आईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग मांडीवरचा हात तिनं जमिनीला टेकवला आणि तळवा दाबला. बस.

मला अर्थ कळला. गाडी बंद पडलीय, आता उठलो तर सगळे उठतील, अंगणात येतील, आणि आत्ताच सुपारी फुटलेली पोरगी भिजत गाडी ढकलताना बघतील. पाऊस उघडू दे. यांना आत गुंतवू. अप्पा म्हणालेत, मी बघतो. मी बसले.

नानांनीही मान वर केली होती. त्यांनाही ऐकू गेलं होतं. पण ते एकदम मोठ्यानं बोलायला लागले, "आता जेवल्याशिवाय सोडत नाही. पिठलं टाका गं. काय घाई आहे? पाऊस थांबू दे." आणि त्यांनी उसाचा विषय काढला, मग कारखान्याचा, मग कुणाच्यातरी लग्नातल्या बँडचा. मी त्यांना तेव्हा ओळखत नव्हते. नंतर ओळखलं. तो माणूस एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलायचा नाही.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. पिठल्याला फोडणी पडली होती, त्याचा वास आला होता, एवढं आठवतं. म्हातारीनंच शेवटी हात आपटला.

"बाप कुठाय? मी काय टोपीला बघू?"

"मी बोलावते," म्हणून मी उठले. आईनं पदर ओढला, मी सोडवून घेतला.

पाऊस आता भुरभुरत होता. अंगणात चिखल झाला होता. डॉक्टरणीच्या सगळ्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. मी दार उघडलं आणि तो नेहमीचा वास अंगावर आला, नेहमीपेक्षा कितीतरी दाट. अप्पा मागं डोकं टेकून बसले होते. एक हात गिअरवर. पाय पेडलवरून घसरून पोत्यावर पडला होता. चेहरा लालबुंद, गुलाबी म्हणावा इतका. काबाडकष्टानं काळवंडलेले माझे अप्पा, इतके तजेलदार मला कधीच दिसले नव्हते. मला वाटलं, झोपलेत. देवा शप्पथ, मला हसू आलं.

"अप्पा, चला, म्हातारी बोलावतीय. जमलं माझं."

मी खांद्याला हात लावला आणि ते बाजूला कलंडले.

मग मी ओरडले असेन, कारण सगळे धावत आले. प्रभाकरनं त्यांना बाहेर ओढून पोर्चमध्ये निजवलं. नानांनी छातीला कान लावला. "श्वास आहे," ते म्हणाले, "बारीक आहे, पण आहे."

गावात डॉक्टर नव्हता. फोन होता पोस्टात, तो वाऱ्यानं बंद पडलेला. प्रभाकरनं एम-एटी काढली आणि डॉक्टरला आणायला म्हणून सुसाट गेला. आई नानांच्या पायाशी जाऊन बसली. "दादा, तुमची गाडी काढा. तोवर आपण निघू, वाटेत गाठ पडेल. तुमची गाडी काढा हो."

नाना हलले नाहीत. झेंडूची माळ घातलेली ती पांढरी गाडी हाताच्या अंतरावर उभी होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, आणि मग खाली.

"तिला इंजिन नाही ताई," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली उतरवून. दुरुस्त करायचं राहून गेलं. तुम्ही येणार म्हणून धुतली."

आई त्यांच्या पायापासून उठली.

"तुमची ढकलू," नाना म्हणाले. "मी बसतो चाकावर. मला येतं. माझीही अशीच सुरू करायचो मी."

आम्ही चौघांनी अप्पांना उचलून डॉक्टरणीच्या मागच्या सीटवर घातलं, त्यांनीच शिवलेल्या निळ्या कव्हरवर. सगळ्या काचा खाली केल्या. किती शहाणपण आलं होतं आम्हाला. नाना पुढं बसले. मी, आई, पोरेकाकू आणि गोठ्यातला गडी मागं लागलो. इरकल गुडघ्यापर्यंत चिखलात, ओटीतले तांदूळ सगळीकडं सांडत होते. ज्या लाजेपायी सगळं झालं ती लाज कुठं गेली होती कुणास ठाऊक. गावातली माणसं फाटकाबाहेर जमली होती, त्यांतलेही दोघं येऊन हात लावायला लागले.

गाडी हलली. फाटकाबाहेर पडली. सपाट, काळा, चिकट रस्ता. आम्ही ढकलत होतो. मागच्या काचेतून मला अप्पांचं डोकं दिसत होतं, गाडीच्या आचक्यासरशी इकडून तिकडं होणारं. नानांनी क्लच सोडला, गाडी जागच्या जागी थटली. पुन्हा ढकललं. पुन्हा सोडला. चाकं चिखलात घसरली.

"कसं करतात हे?" नाना पुढून ओरडले. "गिअर कुठला? चोक किती?"

"दुसरा!" मी ओरडले. "चोक अर्धा! आणि ते बरोबर वेळेला..." पुढचं मला येत नव्हतं. आई आणि मला फक्त ढकलायचं माहीत होतं. कधी सोडायचा ते आम्ही कधीच बघितलं नव्हतं, आम्ही नेहमी मागं असायचो, मान खाली घालून, आणि आमच्यापर्यंत फक्त ते "हं" यायचं.

म्हणून मी ढकलत राहिले. आई माझ्या शेजारी होती, तिच्या बांगड्या पत्र्यावर वाजत होत्या. गाडीनं जरा वेग घेतला की आम्ही दोघीही, एकमेकींना न सांगता, शेवटचा जोर राखून ठेवायचो आणि कान द्यायचो. सवयच ती. आता म्हणतील. आता.

कुणी म्हटलं नाही.

शेवटी कुणाचातरी ट्रॅक्टर मळ्यातून आला. अप्पांना ट्रॉलीत घातलं. अर्ध्या वाटेत प्रभाकर डॉक्टरला मागं बसवून येताना भेटला. डॉक्टर ट्रॉलीत चढले, त्यांनी पापणी उघडून बघितली, मनगट धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग गुलाबी चेहऱ्याकडं बघत विचारलं, "हे बंद गाडीत होते का? इंजिन चालू?"

"हो," नाना म्हणाले.

"कुणी बघायला गेलं नाही?"

ट्रॅक्टरवाल्यानं न विचारताच इंजिन बंद केलं.

अप्पांच्या दहाव्याला नाना आले होते. नदीवरून परत येताना आईला म्हणाले, "इंजिन तापतं, तडकतं, असं ते म्हणाले ना, तेव्हाच मला कळलं होतं. मी पण लोकांना अगदी हेच सांगायचो. पण पाहुण्याची झाकली मूठ कशी उघडायची, ताई? म्हटलं पाऊस जाऊ दे, बायका स्वयंपाकात गुंतल्या की आम्ही दोघं गुपचूप ढकलू." बोलता बोलता तो एवढा उंच माणूस घाटाच्या पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

सुपारी फुटली होती, अप्पांचा होकार होता, आणि वर्षाच्या आत केलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं. माझं लग्न वर्षाच्या आत झालं. पोऱ्यांच्या घरात आज मी सासू आहे. प्रभाकर चांगला माणूस आहे. आम्ही त्या दुपारचं नाव काढत नाही. डॉक्टरीण कित्येक महिने फाटकाबाहेर तशीच होती, कारण तिला सुरू करणारं कुणी नव्हतं. मी नवी नवरी म्हणून त्या घरात शिरले ती तिला वळसा घालून. मग एक दिवस भंगारवाल्यानं साखळी लावून नेली.

आई पुढं पुष्कळ वर्षं जगली. शेवटच्या आजारपणात मी तिला माझ्याकडं आणलं होतं. म्हातारीची खाट जिथं होती तिथंच, खिडकीखाली, तिची खाट होती. एका दुपारी तिनं अचानक विचारलं, "कुंदे, गाडी बंद पडली तेव्हा तुला ऐकू आलं होतं?"

मी तिची पेज ढवळत होते. "नाही गं," म्हटलं. "पाऊस किती होता. कुणालाच नाही ऐकू आलं."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला.

"तू माझ्याकडं बघितलं होतंस," ती म्हणाली. "मी बस म्हटलं."

मी पेजेचा चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड उघडलं नाही. खिडकीतून फाटकाबाहेरचा सपाट रस्ता दिसत होता, आणि ती तिकडं कान देऊन बघत राहिली.